जाऊन-येऊन पुरेल एवढं

चीफचा कुठल्याही काट्यावर विश्वास नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते पाहिल्यावर ते अंगणात जाऊन माडाची सावली कुठवर आली आहे ते बघून येत आणि मगच चहा मागत. ताप आला की थर्मामीटर लावू देत, पण त्यातला आकडा ऐकून घेत नसत. हाताची पालथी बाजू स्वतःच्याच गळ्याशी लावून "आहे थोडा" किंवा "काही नाही" असा निकाल देत. गॅसचा सिलिंडर किती उरला आहे हे कळायला त्यावर गरम पाणी ओतून बोटं वरून खाली फिरवत, आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला तर येता-जाता बोटाच्या पेराने टकटक करत. "काटा नुसता दाखवतो गं," ते मला सांगत, "टाकी सांगते." माझं नवं नवं लग्न झालं होतं तेव्हा मला वाटे, या माणसाचं जरा डोकं फिरलेलं आहे.

चीफ म्हणजे माझे सासरे. मर्चंट नेव्हीतून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले आणि येताना हुद्दा तेवढा घरी घेऊन आले. चौलमध्ये त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं, नारळ पाडायला येणारा माणूसही खालून "चीफ, झाला काय च्या?" असं विचारायचा. घरातही त्यांनी सगळ्यांना हुद्दे वाटून दिले होते. जहाजावर चीफचं आणि कॅप्टनचं कधी पटत नाही, म्हणून सासूबाई कॅप्टन. माझा नवरा अभय याला गाड्यांतलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही, म्हणून तो पॅसेंजर. मी या घरात आले तेव्हा मलाही पॅसेंजरच केलं होतं. मला "बाबा" म्हणायची सवय लागायच्या आतच त्यांनी बजावलं, "बाबा मी अभयचा. तू चीफ म्हण." मीही म्हणू लागले. माझ्या माहेरच्यांना ते शेवटपर्यंत विचित्र वाटलं.

त्यांच्याकडे एक गाडी होती. दोनच माणसांची, छत काढून ठेवता येणारी, गडद हिरव्या रंगाची बुटकी इंग्रज गाडी. अलिबागला बंगला असलेल्या एका पारशी गृहस्थाकडून त्यांनी ती घेतली तेव्हाच ती म्हातारी झालेली होती. आमच्या आळीत तिला "चीफची चप्पल" म्हणत, कारण तिच्यात बसायचं म्हणजे पाय आधी आत सरकवावे लागत. पूर्वी जिथे बैलगाडी राहायची त्या पडवीत ती उभी असे, आणि तिच्यावर सुपारीची धूळ बसू नये म्हणून चीफ तिला सासूबाईंचं जुनं नऊवारी पांघरत. सासूबाई म्हणत, माझ्या लुगड्याला हा मान मी नेसत होते तेव्हा कधी मिळाला नाही.

या गाडीचा पेट्रोलचा काटा हा एक स्वतंत्र इसम होता. सपाट रस्त्यावर तो निम्म्याच्या आसपास झुलत राही. कार्लेखिंडीचा चढ लागला की तो हळूहळू वर जाई आणि खिंडीच्या माथ्यावर टाकी काठोकाठ भरलेली दाखवी. पलीकडे उतरायला लागलं की पार तळाला. डावीकडे वळलं की एक सांगे, उजवीकडे वळलं की दुसरंच. टाकीतला तरंगता गोळा जिथे बिजागरीला धरलेला असतो तिथे तो झिजून सैल झाला होता, एवढंच त्याचं कारण. चीफनी तो दोनदा काढून पाहिला, वाकवून बघितला, पुन्हा बसवला, आणि मग त्याचा नाद सोडला. "तो काही लबाड नाही," ते म्हणत. "आमच्या कंपनीत एक साहेब होते तसा आहे. चढ आला की खूश, उतार आला की रडवेला. त्याच्याशी भांडायचं कशाला? ऐकायचं आणि सोडून द्यायचं."

हे शहाणपण मात्र त्यांना उशिरा आलं होतं. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट आहे; सासूबाईंच्या तोंडून मी ती इतक्यांदा ऐकली आहे की मी तिथे होतेच असं मला वाटतं. पालीला सासूबाईंच्या भाचीचं लग्न होतं. सासूबाई शालू नेसून, नथ घालून, केसांत अबोलीचा गजरा माळून त्या गाडीत बसल्या. काटा निम्म्यावर होता. वाकण फाट्याच्या अलीकडे गाडीने दोन उसासे टाकले आणि ती थांबली. टाकी कोरडी ठणठणीत आणि काटा तरीही निम्म्यावर. भर उन्हात सासूबाई रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या, आणि शेवटी कोंबड्या घेऊन जाणाऱ्या एका टेम्पोतून लग्नाला पोचल्या तेव्हा शेवटची पंगत उठत होती. शालूला लागलेली पिसं त्यांनी तशीच ठेवून ती सगळ्या वऱ्हाडाला दाखवली. त्या दिवशी त्या चीफना म्हणाल्या, "ज्या गाडीला स्वतःच्या पोटात काय आहे ते ठाऊक नाही, तिच्यात मी पुन्हा बसायची नाही." आणि पुढे कितीतरी वर्षं त्या खरंच बसल्या नाहीत.

काठी आली ती त्यानंतर. जहाजावर टाकीतलं तेल काट्यावरून कधीच मोजत नाहीत, वरून माप सोडून बघतात. त्याला साउंडिंग म्हणतात. जन्मभर दुसऱ्याच्या जहाजावर मी हेच करत आलो आणि घरच्या गाडीला मात्र काट्यावर सोडलं, याची चीफना मनापासून लाज वाटली होती. त्यांनी पडलेल्या पोफळीची एक रीप घेतली, ती तासून, काचकागदाने घासून गुळगुळीत केली. गाडीच्या टाकीचं तोंड मागे, नळी सरळ खाली जाणारी, त्यामुळे काठी थेट तळाला टेके. पण चीफनी तिच्यावर लिटरच्या खुणा केल्या नाहीत, गावांच्या केल्या. सगळ्यांत खाली रेवदंडा, मग अलिबाग, मग मुरुड, मग पाली आणि अगदी वर हरिहरेश्वर. आपल्या घरापासून त्या गावाला जाऊन परत येता येईल एवढं पेट्रोल म्हणजे ती खूण. नुसतं जाण्यापुरतं असलेलं पेट्रोल त्यांच्या हिशेबात नव्हतंच. वाटेत पंप आहेत, भरून घेता येईल, असं कुणी म्हटलं तर ते मान हलवत. परक्या बंदरात तेल घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. तिथे काय मिसळून देतील सांगता येत नाही. त्यामुळे गाडी नेहमी अलिबाग रस्त्यावरच्या आमच्या ठरलेल्या पंपावरच प्यायची.

त्या पंपावर गजाभाऊ असे. चीफच्या वयाचा, पांढऱ्या मिशांचा, आणि चीफना छेडल्याशिवाय नळी हातात न धरणारा.

"चीफ, काटा तर निम्मा दावतोय. आनखी कशाला भरताय?"

"काट्याचं ऐकू नकोस. काठी बघ."

"आनि काठी खोटं बोलली तर?"

"तिला बोलता येत नाही गजा, म्हणून तर ठेवलीय."

हा संवाद दर खेपेला जसाच्या तसा व्हायचा. दोघांनाही तो पाठ होता आणि दोघेही दर वेळी नव्याने हसायचे.

मी अलिबागच्या कॉलेजात शिकवते. अभय आठवडाभर पनवेलला आणि शनिवारी घरी. त्यामुळे चीफच्या शेजारची रिकामी जागा हळूहळू माझी झाली. संध्याकाळी ते मला घ्यायला येत, आणि घरी सरळ न जाता आम्ही आधी कार्लेखिंडीपर्यंत जाऊन येत असू, केवळ काट्याची गंमत बघायला. चढावर काटा वर जाऊ लागला की चीफ भसाड्या आवाजात म्हणत, "बघ, साहेब खूश झाले!" आणि माथ्यावर मी टाळ्या वाजवायच्या असा रिवाज पडला होता. वारा इतका असे की बोलायचं म्हणजे ओरडायचं. जे घरात हळू बोलताना कधी सांगता आलं नसतं असं किती तरी मी त्या खिंडीत ओरडून सांगितलं आहे. मला मूल होत नव्हतं त्या वर्षांत तर मी फार ओरडले. चीफ समोर बघून गाडी चालवत आणि सगळं ऐकून झाल्यावर "हं" म्हणत. तेवढंच. माझ्या आईनेसुद्धा मला तेवढ्यावर सोडलं नसतं.

एकदा मी म्हटलं, मला काठी घालायला शिकवा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत असं पाहिलं जसं मी नोकरीचा अर्ज घेऊन आले आहे. मग शिकवलं. काठीला आधी खडू फासायचा, कारण नुसत्या लाकडावरची पेट्रोलची ओल डोळ्यांदेखत उडून जाते. पांढऱ्या खडूवर ती नीट दिसत नाही, निळ्यावर दिसते. मग कॉलेजातले निळे खडू माझ्या पर्समधून आमच्या पडवीत येऊ लागले. काठी घालून मी पहिल्यांदा "मुरुड" म्हटलं, तर चीफ गाडीभोवती फिरले आणि मागचं एक चाक खड्ड्यात होतं ते बोटाने दाखवलं. गाडी सरळ उभी केली, मी घाईने पुन्हा काठी घालायला गेले, तर हात धरला. "थांब. तेल हलतंय. तेल हलतंय तोवर माप घ्यायचं नाही. शांत होऊ दे, मग बघ." आम्ही दोघं पडवीच्या कट्ट्यावर बसून राहिलो. मग माप निघालं अलिबाग. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी जाहीर केलं की आजपासून मी पॅसेंजर नाही, फोर्थ. जहाजावर सगळ्यांत खालचा इंजिनिअर तो फोर्थ. अभय म्हणाला, अभिनंदन. सासूबाई म्हणाल्या, उगाच पोरीला नादी लावू नका. पण मला झालेला आनंद खरा होता. नोकरीत कायम झाल्याचं पत्र आलं तेव्हाही मी एवढी खूश झाले नव्हते.

काठीवरच्या सगळ्या गावांना आम्ही जाऊन आलो, हरिहरेश्वर सोडून. ती खूण चीफनी करून ठेवली होती, पण तिथे ते मला नेत नसत. "ती खेप कॅप्टनची आहे," एवढंच म्हणत. लग्न झाल्यावर ते दोघं पहिल्यांदा गेले होते हरिहरेश्वरला, एस.टी.ने, आणि परतीची गाडी चुकली म्हणून सबंध दुपार किनाऱ्यावरच्या खडकांवर बसून काढली होती. पुन्हा नेतो, स्वतःच्या गाडीतून, असं त्यांनी तेव्हा कबूल केलं होतं. मग जहाजं आली, वर्षं गेली, गाडी आली आणि त्या गाडीने पालीच्या वाटेवर दगा दिला. चीफ दर दिवाळीनंतर विचारत, "काय कॅप्टन, निघायचं?" सासूबाई म्हणत, "आधी तो काटा दुरुस्त करा." मला वाटे हे त्यांचं लाडिक भांडण आहे आणि ते असंच चालत राहील.

मग एका हिवाळ्यात चीफ जेवेनासे झाले. आधी म्हणत, मासे बरे मिळत नाहीत. मग म्हणू लागले, भात जड लागतो. अभयने त्यांना मुंबईला नेलं, मीही गेले. तपासण्या झाल्या. चीफ आत कपडे बदलत होते तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला बाहेरच्या बाजूला घेतलं. पोटात गाठ होती, ती पसरली होती, आणि काढण्याच्या पलीकडे गेली होती. किती दिवस, असं अभयने विचारलं. डॉक्टर म्हणाले, पावसाळा निघाला तर पुष्कळ झालं. परतीच्या वाटेवर, अभयच्या गाडीत चीफ मागच्या सीटवर डोळे मिटून पडले होते तेव्हा, अभयने एका हाताने फोनवर लिहून मला दाखवलं: सांगायचं नाही. आईलाही नाही.

आपल्याकडे असंच करतात. माझ्या आजोबांनाही कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे मला ते चूक वाटलं नाही. मी मान हलवली. घरी आल्यावर अल्सर आहे असं ठरलं. येणारे-जाणारे म्हणत, चेहऱ्यावर तेज आलंय हो चीफ. अभय म्हणे, औषधं लागू पडताहेत, दिवाळीपर्यंत ठणठणीत व्हाल. मी म्हणे, दिवाळीत आपण कार्लेखिंडीत फटाके घेऊन जाऊ. सगळे दिवाळीचं बोलत. चीफ ऐकून घेत आणि "हं" म्हणत. एकदाच मी त्यांना वजनकाट्यावर उभं राहिलेलं पाहिलं. खाली आकडा होता तिकडे त्यांनी बघितलंच नाही. उतरले, आणि स्वतःच्या मनगटाभोवती अंगठा आणि मधलं बोट फिरवून किती जागा उरते ते बघितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

मे महिना लागला होता. वाडीत पाणी सोडलेलं होतं, आणि पडवीत थंडावा होता. चीफनी मला हाक मारली. गाडीवरचं लुगडं काढून घडी करून ठेवलेलं होतं. "फोर्थ, साउंडिंग घे."

मी खडू फासला, काठी घातली, काढली. "मुरुड. थोडं वरच."

त्यांनी काठी माझ्या हातातून घेतली आणि फडक्याने पुसायला लागले. खूप वेळ पुसत होते. मग काठीकडेच बघत म्हणाले, "कॅप्टनला हरिहरेश्वरला न्यायचंय. अभय म्हणतो दिवाळीनंतर. डॉक्टर म्हणाले दिवाळीनंतर बघू. कॅप्टनला मी अजून विचारलेलं नाही. आधी तुला विचारतो. दिवाळीनंतर जाऊ का आत्ता?"

 मी म्हणाले, "चीफ, डॉक्टर जे म्हणाले ते—"

त्यांनी हात वर केला. "तेल हलतंय. घाई नको. शांत होऊ दे, मग सांग."

मी कट्ट्यावर बसले. तेही बसले. पाटातलं पाणी पोफळींच्या आळ्यांतून पुढे सरकत होतं, पलीकडे कुणीतरी सुपाऱ्या फोडत होतं. मी अभयला शब्द दिला होता. दिवाळी म्हटलं असतं तर तो शब्द राहिला असता, चीफ "हं" म्हणाले असते आणि दिवाळीची वाट बघत बसले असते. एवढं सोपं होतं ते. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, पण मी आवाज काढला नाही आणि त्यांनीही तिकडे पाहिलं नाही.

"आत्ता जा," मी म्हटलं.

"पावसाच्या आधी?"

"याच आठवड्यात."

त्यांनी मान डोलावली, अगदी जशी मी बरोबर माप सांगितल्यावर डोलवत तशी. "ठीक," म्हणाले. मग काठी भिंतीला नीट उभी करून ठेवली आणि उठताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नात नमस्कार केला तेव्हा ठेवला होता, त्यानंतर तेव्हाच.

सासूबाई लगेच हो म्हणाल्या. काट्याचं नावसुद्धा काढलं नाही. "कुठलं लुगडं नेसू?" एवढंच त्यांनी विचारलं. मला त्याचं नवल वाटलं, पण मी तेव्हा इतक्या धास्तीत होते की त्याचा विचार करत बसले नाही. मी म्हटलं, मी भाड्याची गाडी घेऊन मागून येते. चीफ म्हणाले, "आपल्या मागे दुसरं जहाज ठेवून कुणी प्रवास करतं का?" मग पंपापर्यंत तेवढी मी रिक्षाने गेले. तिथे गजाभाऊने टाकी गळ्यापर्यंत भरली. मी काठी घातली, हरिहरेश्वरच्या खुणेच्या वर ओल आली, आणि ती मी सासूबाईंपुढे धरली. त्यांनी चष्मा लावून पाहिली. गजाभाऊ म्हणाला, "वयनी, आता काय भ्याव न्हाय. काठी बोलली." त्या दिवशी त्याने काट्यावरून चीफना छेडलं नाही. गाडी रेवदंड्याच्या बाजूला वळली तेव्हा सासूबाईंनी डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरला होता. तो कितपत टिकला असेल याची मला शंकाच आहे.

दुपारी अभयचा फोन आला. वाटेतल्या आगरदांड्याच्या जेटीवरून सासूबाईंनी त्याला फोटो पाठवला होता. "तू त्यांना सांगितलंस," तो म्हणाला. मी म्हटलं, "मी फक्त आत्ता जा म्हटलं." त्याने फोन ठेवला. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते मला आठवत नाही. फोन हातातून खाली ठेवला नाही, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर हॉर्न ऐकू आला. सासूबाई उतरल्या. केसांचा पार गुंता झालेला, नाक उन्हाने लाल झालेलं, आणि हसू आवरत नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. चीफ दाराला धरून उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता. "साउंडिंग घे," म्हणाले.

"तेल हलतंय," मी म्हटलं. ते हसले. आम्ही तिघं कट्ट्यावर बसलो. मग मी काठी घातली. ओल रेवदंड्याच्या खुणेला लागून होती.

"जाऊन-येऊन पुरलं," मी म्हटलं, "आणि रेवदंड्याची एक खेप उरलीय."

"कॅप्टन," चीफ म्हणाले, "आजपासून हिला थर्ड केली."

ती उरलेली खेप आम्ही दोघांनी केली, पाऊस लागायच्या आत. मी चालवत होते, ते शेजारी बसले होते. रेवदंड्याला कोटाच्या भिंतीपाशी गाडी उभी करून आम्ही थोडा वेळ समुद्र पाहिला आणि परत आलो. वाटेत त्यांनी मला एकदाही गिअर बदलायला सांगितलं नाही. श्रावणात ते गेले. कळा फार होत्या, पण शेवटचे दोन दिवस झोपेतच होते.

अभय माझ्याशी भांडला नाही, बोललाही नाही. बरेच दिवस आमच्यात मीठ-मिरचीपुरतं बोलणं होतं. मग एका शनिवारी येताना तो एक लहानसं खोकं घेऊन आला. ज्याने जन्मात कधी पाना हातात धरला नव्हता तो माझा नवरा फोनवर बघत बघत पडवीत टाकीखाली आडवा झाला. परदेशातून त्याने नवा गोळा मागवला होता, बिजागरीसकट. दिवसभर खटपट केली, हात सोलवटून घेतले. संध्याकाळी बाहेर येऊन म्हणाला, "झाला काटा दुरुस्त. आईला सांग." एवढं बोलून तो कट्ट्यावर बसला आणि रडला. मी त्याच्याजवळ बसले. त्याला वडिलांसाठी करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

काटा आता अचूक आहे. पुढच्याच आठवड्यात मी एकटी कॉलेजातून कार्लेखिंडीकडे गेले. चढ लागला. मी काट्याकडे बघत होते. तो जागचा हलला नाही. माथा आला, तो तिथेच, आहे तेवढंच दाखवत. "साहेब खूश झाले" म्हणायला शेजारी कुणी नव्हतं आणि खूश व्हायला साहेबही उरले नव्हते. मी गाडी कडेला घेतली. चीफ गेल्यावर जेवढी मी रडले नव्हते तेवढी त्या शहाण्या काट्यापुढे रडले. अजूनही तो चढ लागला की माझे हात टाळी वाजवायला उचलले जातात. मला चीफ हवे आहेत, दुसरं काही नाही.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. एक दिवस सासूबाई पदर खोचून पडवीत येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चल, हरिहरेश्वरला नेतेस का मला?" मी नेलं. आगरदांड्याला गाडी फेरीबोटीवर चढवली, दिघीला उतरायचं होतं. बोट सुटली. आम्ही गाडीतच बसून होतो, छत उघडं, दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी. सासूबाईंच्या मांडीवर काठी होती. ती डिकीत टाकायला त्यांनी नकार दिला होता.

"त्यांनी तुला विचारलं होतं ना," त्या एकदम म्हणाल्या. "आत्ता जाऊ का दिवाळीनंतर, असं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"अभय लहानपणापासून खोटं बोलला की कान चोळतो. मुंबईहून आल्यापासून चोळत होता." त्या पाण्याकडे बघत राहिल्या. "मला विचारलं असतं तर मी दिवाळीनंतर म्हटलं असतं. ते त्यांना माहीत होतं. म्हणून मला नाही विचारलं."

 मी त्यांचा हात धरला. बोट खाडीच्या मध्यावर आली होती.

"परत यायला पुरेल ना गं पेट्रोल?"

"पुरेल."

"काट्यावर बघून सांगतेस का काठीवर?"

"काठीवर."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि केसांतल्या पिना काढून त्यांनी पर्समध्ये टाकल्या.